लिव्हरपूल रोडचं गोदाम आणि दारव्ह्याची गाडी

पहिल्या नजरेला ते स्टेशन वाटतच नाही. मँचेस्टरच्या कॅसलफिल्ड भागात लिव्हरपूल रोड नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याला लागून एक दुमजली घर उभं आहे. सरळ रांगेतल्या उंच खिडक्या, नेटका दरवाजा. घुमट नाही, मनोरा नाही. दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या सधन व्यापाऱ्यानं बांधलं असेल असं वाटावं. नोव्हेंबरातली रिपरिप चालू होती. भाचा छत्री सावरत म्हणाला, "मामा, हेच ते." मी रस्त्यापलीकडे उभा राहून रूळ शोधत होतो. रूळ काही दिसेनात.

रूळ वर होते. लिव्हरपूलहून येणारी गाडी अर्वेल नदी पुलावरून ओलांडते, त्यामुळे इथं पोचते तेव्हा ती रस्त्यापासून एक मजला उंच असते. प्रवाशानं खाली पैसे भरायचे आणि जिना चढून गाडीपाशी जायचं. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हा दोन मोठ्या शहरांना जोडणारी, वेळापत्रकानं धावणारी आणि सगळी भिस्त वाफेच्या इंजिनावर ठेवणारी अशी दुसरी रेल्वे जगात नव्हती. स्टेशन कसं दिसतं हे ठरलेलंच नव्हतं. बांधणाऱ्यांनी मग जे येत होतं ते बांधलं. घर बांधलं. शेजारी १८०८ सालचं एक खरोखरीचं घर होतं, एका रंगारी कारखानदाराचं. तेही रेल्वेनं घेतलं आणि स्टेशनच्या एजंटाला राहायला दिलं.

पहिल्या वर्गाचा दरवाजा वेगळा, दुसऱ्या वर्गाचा वेगळा. आतले हॉलही वेगळे. पहिल्या वर्गाच्या दरवाजावर सूर्यघड्याळ आहे. मी त्याच्याखाली बराच वेळ उभा राहिलो. त्या काळी लिव्हरपूलची वेळ लिव्हरपूलची आणि मँचेस्टरची मँचेस्टरची. डोक्यावरचा सूर्य दाखवेल ती खरी. सगळ्या गावांनी एकच घड्याळ मानायचं, ही गोष्ट रेल्वेनं पुढं माणसांच्या गळी उतरवली. आपल्याकडे तर मुंबईनं स्वतःची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्या दरवाजाखाली उभं राहिलं की आपलं मनगटावरचं घड्याळ कुठून आलं ते दिसतं.

मी तिथं गेलो होतो ते मात्र इमारत पाहायला नव्हे. मला कापूस पाहायचा होता.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घरची शेती कोरडवाहू, काळी, आणि तिच्यात पऱ्हाटी. दसऱ्यानंतर बोंडं फुटायची, वेचणीला बाया यायच्या, ओसरीवर कापसाचा ढीग लागायचा आणि आम्ही पोरं त्यात लोळून शिव्या खायचो. मग एके दिवशी पहाटे आबाजी बैलगाडीवर कापूस चढवायचे आणि दारव्ह्याच्या जिनाकडे निघायचे. मी गाडीत वर, कापसावर, गोधडीत. जिनात रुई वेगळी होई, सरकी वेगळी. तिथून पलीकडे छोट्या गाडीचं स्टेशन, दारव्हा मोतीबाग. आबाजी बैल सोडायचे, बिडी पेटवायचे आणि शिटी ऐकू आली की म्हणायचे, "आपला कापूस हिच्यात बसून सायबाच्या मुलखात जाते, अन् धोतर होऊन वापस येते." त्यांनी ते त्यांच्या बापाकडून ऐकलं होतं. साहेब कधीचा गेला होता, माल ट्रकनं जाऊ लागला होता, कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत घालावा लागत होता, आणि आबाजींचं वाक्य तेच होतं. 'सायबाचा मुलूख' म्हणजे कुठं, असं मी एकदा विचारलं. "मांचेस्टर," ते म्हणाले. त्या एका इंग्रजी शब्दाखेरीज त्यांना आणखी चारपाचच येत असतील.

शाळेत पुढं मास्तरांनी सांगितलं, इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर. मला वाटलं, मग आपला कापूस तिकडे जात असेल.

तेव्हा स्टेशन बघून झाल्यावर मी भाच्याला म्हटलं, गोदाम कुठंय ते दाखव.

गोदाम रुळांच्या पलीकडच्या बाजूला आहे. विटांचं, लांबच लांब. त्याला १८३० सालचं गोदाम असंच म्हणतात, कारण ते त्याच वर्षी एप्रिल ते सप्टेंबर अशा पाचएक महिन्यांत उभं केलं. एवढ्या घाईत बांधलेली वस्तू इतकी देखणी कशी राहिली, हे मला उमगत नाही. आत लाकडाचे खांब, लाकडाच्या तुळया, वर लाकडाची जमीन. खांबांच्या कडा हात लागून लागून गोल झालेल्या. सगळ्यात मला आवडली ती तिथली युक्ती. गाडीचा डबा रुळावरून थेट गोदामात नेता येत नव्हता, कारण रूळ इमारतीला समांतर. मग जमिनीत फिरत्या चकत्या बसवल्या. डबा चकतीवर आणायचा, चकती चतकोर फिरवायची आणि डबा ढकलत थेट वरच्या मजल्याच्या दारातून आत घालायचा. आत कप्प्यांनी माल उतरवायचा, दोरखंड आणि चाकानं खालीवर करायचा, आणि खालच्या मजल्याच्या दाराशी, रस्त्याच्या पातळीवर, घोडागाडी तयार. वरून रेल्वे, खालून रस्ता, मधे गोदाम. आमच्या गावात धान्याच्या पेवाला वरून तोंड असतं, तसं काहीसं वाटलं मला ते.

आणि माल म्हणजे मुख्यतः काय? कापसाच्या गाठी. लिव्हरपूल हे बंदर, मँचेस्टर हे गिरण्यांचं गाव, आणि दोघांच्या मधे पन्नासएक किलोमीटर. आधी हा माल कालव्यातून यायचा. कालव्याचे मालक वाटेल तो दर लावत आणि गाठी दिवसेंदिवस अडकून पडत. रेल्वे काढली ती त्या व्यापाऱ्यांनी, त्या रागातून. गंमत अशी, की त्यांचा सगळा हिशेब मालाचा होता आणि झुंबड उडाली माणसांची. दोन तासांत मँचेस्टरहून लिव्हरपूल! मालगाडी नीट सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. तोवर माणसं जिना चढून जातच होती.

पहिल्या दिवसाची हकीकत मात्र गमतीची नाही. उद्घाटनाला पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन आला होता. वाटेत पार्कसाइडला गाड्या पाणी भरायला थांबल्या, तेव्हा लिव्हरपूलचा खासदार विल्यम हस्किसन रुळावर उतरला, त्याला स्टीफन्सनच्या 'रॉकेट' इंजिनाखाली सापडून जबर इजा झाली आणि त्याच रात्री तो गेला. उशिरा, पावसात, ड्यूकची गाडी मँचेस्टरला पोचली, तर लोकांनी शिव्याशापांनी स्वागत केलं. अकराच वर्षांपूर्वी, १८१९ मध्ये, याच शहरात पीटरच्या मैदानावर जमलेल्या कामकऱ्यांवर घोडेस्वार घातले होते. लोक विसरले नव्हते. ड्यूक गाडीतून उतरलाच नाही. त्या गाडीत फॅनी केम्बल ही तरुण नटी होती. तिनं लिहून ठेवलंय, की गर्दीच्या डोक्यावर उंच जागी कुणीतरी एक हातमाग मांडला होता आणि त्यावर एक फाटका, उपाशी विणकर बसला होता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आपल्याकडे हा विषय निघाला, की मँचेस्टरनं आपले कोष्टी, आपले साळी देशोधडीला लावले असं आपण म्हणतो, आणि ते खोटं नाही. पण रेल्वेच्या पहिल्याच दिवशी, मँचेस्टरच्या दारातच, त्यांचा स्वतःचा कोष्टी माग घेऊन बसला होता. गाडी त्याच्या समोरून गेली.

पुढची गोष्ट आपल्या बाजूला येते. त्या गोदामातला बहुतेक कापूस अमेरिकेचा होता, म्हणजे गुलामांनी वेचलेला. १८४६ मध्ये अमेरिकेतलं पीक बुडालं आणि मँचेस्टरचे गिरणीवाले हादरले. एकाच शेतावर इतकं अवलंबून राहणं बरं नाही, हिंदुस्थानचा कापूस आणावा, असं त्यांनी ठरवलं. १८४८ मध्ये ब्रिटिश संसदेनं हिंदुस्थानातल्या कापसाची चौकशी करायला समिती नेमली, तिचा अध्यक्ष जॉन ब्राइट. तो मँचेस्टरचाच खासदार. अडचण एकच होती, वाहतूक. वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून लमाण तांडे मिर्झापूरकडे किंवा मुंबईकडे न्यायचे. वाटेत माती, वाटेत पाऊस. पोचेपर्यंत कापसाचा रंग जायचा. १ ऑगस्ट १८४९ ला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा कायदा झाला, तेव्हा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचं वजन तिच्या मागे होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी निघाली. त्या कंपनीची पहिली इंजिनं व्हल्कन फाउंड्री या कारखान्यातून आली होती. तो कारखाना न्यूटन-ले-विलोजला, म्हणजे याच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या शेजारी. त्याच १८५३ साली, मे महिन्यात, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आलं. एका वर्षात दोन्ही. मी या दोन तारखा शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकलो होतो.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते ६५. दक्षिणेची बंदरं अडवली गेली, कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. कामगारांची उपासमार झाली. तरीही १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांनी सभा भरवून लिंकनला कळवलं, की गुलामगिरी मोडण्याच्या बाजूनं आम्ही आहोत. लिंकननं जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर पाठवलं. मँचेस्टरमध्ये लिंकन स्क्वेअर नावाचा चौक आहे, तिथं त्याचा पुतळा आहे आणि चौथऱ्यावर त्या पत्रातला मजकूर कोरलाय. त्याच संध्याकाळी पायी जाऊन आम्ही तो वाचला. पोटाला चिमटा बसत असताना, दूरच्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी त्यांनी हे केलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, आजही वाटतो.

आणि त्याच वर्षांत आपला कापूस तिकडे धो धो गेला. मुंबईत सोनं आलं, शेअरबाजार फुगला. वऱ्हाडात ज्वारीच्या शेतांत कापूस शिरला. लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटचा कापूस नावानं ओळखला जायचा, अमरावतीच्या कापसाला तर तिथं 'ऊमरा' म्हणायचे. उमरावतीचं ऊमरा! पण सरसकट सगळ्या हिंदी कापसाला त्यांचा शब्द होता 'सुरत', आणि तो शब्द कौतुकाचा नव्हता. आपला धागा आखूड, त्यांची यंत्रं अमेरिकेच्या लांब धाग्यासाठी बसवलेली. सूत सारखं तुटायचं. गाठींत कचरा, माती, कधी मुद्दाम घातलेले दगडही. कामगारांना कामाच्या वजनावर मजुरी, म्हणजे तुटलेलं सूत त्यांच्याच पोटावर. तिथं एक प्रार्थना सांगतात: देवा, कापूस पाठव, पण सुरत नको.

या जागी आता संग्रहालय आहे. त्याच्या वस्त्रोद्योगाच्या दालनात एका बाईनं ही प्रार्थना आम्हाला ऐकवली. ते दालन मोठ्या गोदामात आहे, १८८० साली बांधलेल्या. तिथं जुनी यंत्रं चालवून दाखवतात: पिंजण्याचं यंत्र, सूत कातणारं म्यूल, माग. माग सुरू झाला तेव्हा कानठळ्या बसल्या. एकाच मागाचा एवढा आवाज, तर गिरणीत शेकडो मागांच्या मधे दिवसभर उभं राहणाऱ्यांचे कान कसे राहिले असतील? मी हात वर करून बाईंना सांगितलं, आम्ही त्या 'सुरत' कापसाच्या गावचे. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी म्यूलवरचा पेळूचा तुकडा तोडून माझ्या हातात ठेवला. मी बोटांनी ओढून धागा लांब आहे की आखूड ते पाहिलं. आबाजी तसंच पाहायचे.

आता खुद्द स्टेशनकडे वळतो, कारण त्याच्या नशिबाबद्दल मला जे म्हणायचंय ते अजून राहिलंय.

हे स्टेशन प्रवाशांसाठी चाललं जेमतेम चौदा वर्षं. मे १८४४ मध्ये गाड्या गावाच्या मध्याजवळ हंट्स बँकला न्यायला सुरुवात झाली. तेच पुढं मँचेस्टर व्हिक्टोरिया म्हणून वाढलं. लिव्हरपूल रोडला माणसं यायची बंद झाली. सूर्यघड्याळाखालचा दरवाजा प्रवाशांना नको झाला. आणि म्हणूनच तो राहिला.

हे मला तिथंच, जिन्यावर उभं असताना लख्खपणे दिसलं. या रेल्वेचं दुसरं टोक, लिव्हरपूलचं क्राउन स्ट्रीट स्टेशन, बांधलं त्याच वेळी. आज त्याच्या जागी गवत आहे. आपलं बोरीबंदर घ्या. १८५३ ची ती पहिली साधी बांधणी कुठंय? तिच्या जागी स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस आलं, १८८७ मध्ये, आणि ते इतकं भव्य आलं की आधीचं काही होतं हेच कुणाला आठवत नाही. ठाण्याचंही तेच. जे स्टेशन महत्त्वाचं राहिलं ते गर्दीबरोबर पाडलं गेलं, पुन्हा बांधलं गेलं, पुन्हा पाडलं गेलं. लिव्हरपूल रोड महत्त्वाचं राहिलं नाही. ते मालधक्का झालं, आणि मालधक्क्याला कुणी नवी दर्शनी भिंत बांधत नाही. १८४४ ते १९७५, एकशे एकतीस वर्षं, तिथं गाठी आल्या, पेट्या आल्या, पोती आली. छत गळलं तर तेवढं शिवलं. कौतुक झालं नाही, पण कुलूपही लागलं नाही. वापरात राहिली म्हणून वास्तू वाचली, आणि दुय्यम कामाच्या वापरात राहिली म्हणून ती न बदलता वाचली. जगातलं सगळ्यात जुनं टिकून असलेलं प्रवासी टर्मिनस आज आपण पाहतो ते असं.

१९७५ च्या सप्टेंबरात मालधक्काही बंद झाला, तेव्हा खरा धोका सुरू झाला. रिकामी इमारत फार झपाट्यानं म्हातारी होते, हे गावाकडच्या कुणालाही सांगायला नको. पण गावातली काही माणसं इरेला पेटली. त्यांनी संस्था काढली, निवेदनं दिली, अधिकाऱ्यांच्या मागे लागली. १९७८ मध्ये ब्रिटिश रेल्वेनं ती सगळी जागा ग्रेटर मँचेस्टर कौन्सिलला विकली, एका पौंडाला. एक पौंड! किंमत नव्हे ती, सुटका होती; दुरुस्तीचा खर्च कोट्यवधींचा असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. १९८० मध्ये रेल्वेची दीडशे वर्षं इथंही साजरी झाली, आणि १५ सप्टेंबर १९८३ ला, पहिल्या गाडीच्याच तारखेला, विज्ञान आणि उद्योगांचं संग्रहालय इथं सुरू झालं.

त्यांनी जे केलं त्यातलं मला सर्वांत पटलं ते हे, की गोदामाचं गोदामपण घालवलं नाही. आपल्याकडे जुनी इमारत 'जतन' केली की आधी तिला चकचकीत रंग देतात. इथं लाकडावरचे ओरखडे तसेच. विटांवरची काजळी काही ठिकाणी मुद्दाम राखलेली. बांधल्या जागेवरच, बांधली त्या कामाची गोष्ट सांगितलेली. दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात हेच माग, हीच इंजिनं असती तर मी बघून पुढं गेलो असतो.

एक गोष्ट मात्र खटकली आणि तिचं उत्तर मला सापडलेलं नाही. २०१७ च्या डिसेंबरात ऑर्ड्सल कॉर्ड नावाचा नवा रेल्वेजोड सुरू झाला. शहरातली मोठी स्टेशनं त्यानं एकमेकांना जोडली. पण त्यासाठी या जुन्या स्टेशनाचा मुख्य रेल्वेशी असलेला सांधा तोडावा लागला. कोर्टात भांडणं झाली, विरोधक हरले. १८३० पासून रुळांनी जोडलेलं हे स्टेशन आता बेट आहे. रोजच्या हजारो प्रवाशांची सोय आणि एक जुना सांधा, यांत मी काय निवडलं असतं? प्रवासीच निवडले असते, बहुधा. तरी त्या तुटलेल्या टोकाशी उभं राहून जीव हळहळला.

वाफेच्या यंत्रांचं दालन १८५५ सालच्या माल-शेडमध्ये आहे. तिथं एक भलंमोठं इंजिन उभं होतं आणि दुरूनच मला काहीतरी ओळखीचं वाटलं. जवळ गेलो तर रूळ रुंद. इंग्लंडचे रूळ चार फूट साडेआठ इंचांचे. हे साडेपाच फुटांचे, आपले. १९११ मध्ये व्हल्कन फाउंड्रीनंच अखंड हिंदुस्थानातल्या नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी बांधलेलं इंजिन. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या वाट्याला गेलं, आणि आयुष्यभर चालून शेवटी जन्मगावाजवळ परतलं. भाचा फोटो काढत होता. मी चाकाला हात लावून पाहिला. भुसावळला फलाटावर लहानपणी लावायचो तसा.

आणि मग आमची गाडी.

शकुंतला. नाव असं का पडलं याच्या गोष्टी अनेक आहेत. किलिक-निक्सन या कंपनीनं सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून १९१२ ते १६ च्या सुमारास ती बांधली: यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. अडीच फुटांचे अरुंद रूळ. मूर्तिजापूरला मोठी गाडी भेटायची, तिथून कापूस मुंबईला. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा या मार्गाची मालकी त्या खासगी कंपनीकडेच राहिली. गाड्या चालवायची सरकारी रेल्वे आणि मोबदला जायचा कंपनीला. वर्तमानपत्रांत दरवेळी छापून येतं, की ही गाडी वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला पाठवण्यासाठी बांधली. आबाजींचं वाक्यच ते. मी बराच शोध घेतला, आणि मला आबाजींशी थोडं भांडावं लागतंय. ही गाडी सुरू झाली तोवर हिंदी कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान झालं होतं. मुंबईच्या गिरण्या होत्या, नागपूरची एम्प्रेस मिल तर १८७७ पासून. आमच्या शेतातली रुई कोबेला गेली असेल, परळला गेली असेल. लिव्हरपूल रोडच्या त्या खांबांपाशी ती पोचली असण्याची शक्यता कमीच.

पण उलट दिशेनं एक वस्तू नक्की आली होती. शकुंतलेचं वाफेचं इंजिन. १९२१ मध्ये बांधलेलं, १९२३ पासून रुळावर, आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त. सत्तर वर्षं. ते बांधलं होतं मँचेस्टरला. बैलगाडीतल्या कापसावर गोधडीत पडून मी जी शिटी ऐकायचो, ती सायबाच्या मुलखातूनच आली होती. हे आबाजींना सांगायला हवं होतं.

तिकिटंसुद्धा. दारव्ह्याच्या खिडकीवर पुठ्ठ्याचं छोटं तिकीट मिळायचं, मास्तर ते यंत्रात घालून तारीख उमटवायचे, खट्ट आवाज यायचा. ते तिकीट आणि ते यंत्र थॉमस एडमंडसन या माणसाचं. स्वतः स्टेशनमास्तर असताना त्याला ते सुचलं आणि १८३९ नंतर मँचेस्टरला येऊन त्यानं ते जगभर पोचवलं. त्याआधी लिव्हरपूल रोडला प्रवाशांना हातानं लिहिलेल्या कागदावर बसवत.

शकुंतला आता बंद आहे. रूळ बहुतेक ठिकाणी आहेत, मधे बाभळी वाढल्यात. मार्ग रुंद व्हावा ही लोकांची मागणी जुनी आहे आणि मी तिच्या पूर्ण बाजूचा आहे. रेल्वे आधी, आठवणी मग. पण रुंद मार्ग झाला तर नवी स्टेशनं लागणारच. तेव्हा जुन्या, बसक्या, कौलारू खोल्या पाडू नका, एवढंच माझं मागणं आहे. संग्रहालय लगेच नको. गोदाम करा, वाचनालय करा, सोसायटीचं खताचं दुकान घाला, बचतगटाला द्या. छप्पर शिवणारा कुणीतरी तिथं असला पाहिजे. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे, चांगलं आहे, तिथं इंजिनं आहेत. पण कापूस जिथं चढला तो फलाट उचलून नागपूरला नेता येत नाही.

गेल्या जानेवारीत भाचा सुट्टीवर आला. मी त्याला मोटरसायकलवर घेऊन एका लहानशा थांब्यावर गेलो. नाव सांगत नाही, चार घरांचं गाव आहे. खोलीचं दार निघालेलं, खिडकी शाबूत. भिंतीवर गावाचं नाव अर्धं उरलेलं. भाच्यानं खिशातून टेप काढली आणि गुडघ्यावर बसून रुळांमधलं अंतर मोजलं. सातशे बासष्ट मिलिमीटर. शंभर वर्षांनंतरही एका मिलिमीटरचा फरक नाही, असं तो ओरडून म्हणाला.

फलाटावर एका म्हातारीनं तूर वाळत घातली होती. तळवटावर, नीट, पायानं रेघा ओढून. ती सूप बाजूला ठेवून आमच्याकडे बघत होती. टेप दिसली तशी उठून जवळ आली.

"काहो भाऊ, मोजणी करून राहिले का? गाडी सुरू होते का आता?"

मी म्हटलं, "नाही मावशी, आम्ही नुसते पाहायला आलो."

तिचा विश्वास बसला नसावा. तिनं वाकून तळवटाची एक बाजू गुंडाळली, तूर आत ओढून घेतली आणि रुळाकडे जायला आम्हाला वाट करून दिली.